सेल संपले की काय उरतं?

जुनं हातातलं ऑर्गनायझर, म्हणजे नंबर-तारखा ठेवायचं खिशातलं यंत्र, कुणी दाखवायला आणलं की सुरू करायच्या आधी मी ते पालथं करतो. सेलचं झाकण केवढं, आत सेल किती आणि कुठल्या आकाराचे, आणि मुख्य म्हणजे शेजारी आणखी एक बारकं झाकण आहे का, एवढं बघितलं की त्या यंत्राचा अर्धा स्वभाव कळतो. प्रोसेसर किती मेगाहर्ट्झचा आणि मेमरी किती, हे नंतर. ते आकडे तक्त्यात शेजारी शेजारी मांडले की दिशाभूलच जास्त होते. सायन (Psion) या ब्रिटिश कंपनीच्या 1991 च्या सिरीज 3 मध्ये एनईसीचा व्ही30एच प्रोसेसर 3.84 मेगाहर्ट्झवर चालायचा आणि पाम कंपनीच्या 1996 च्या पायलटमध्ये मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल 16 मेगाहर्ट्झवर. चौपट वेग! म्हणून कुणी पायलटवर पानभर पत्र लिहायला बसलं नाही. ते काम सिरीज 3 च करायचं, आणि झकास करायचं.

माझं म्हणणं असं की या यंत्रांमधला खरा फरक एकाच प्रश्नाच्या उत्तरात आहे: सेल संपले की आतल्या माहितीचं काय होतं? त्या काळात माहिती जवळपास सगळीकडे रॅममध्ये असायची आणि वीज गेली की रॅम कोरी. खिशातल्या यंत्राची वीज तर कधी ना कधी जाणारच. मग कुणी रॅमच टाळली, कुणी राखीव सेल घातला, कुणी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर हवाला ठेवला. यंत्राचा आकार, जाडी, कीबोर्ड असणं-नसणं, कार्डांचे खाचे, यातलं बरंचसं त्या एका निर्णयामागून आलं.

सगळ्यात तऱ्हेवाईक उत्तर सायनचं. 1984 चा पहिला ऑर्गनायझर म्हणजे एका ओळीचा, 16 अक्षरांचा पडदा, 2 केबी रॅम, आणि बटणं एबीसीडीच्या क्रमाने. वरून म्यानासारखं सरकणारं कव्हर. 1986 च्या ऑर्गनायझर टूमध्ये पडदा दोन ओळींचा झाला. माहिती साठवायला डेटापॅक नावाच्या काड्यापेटीएवढ्या वड्या मिळायच्या. मागच्या बाजूला दोन खाचे असायचे, त्यात त्या बसवायच्या. या डेटापॅकमध्ये असायचा ईप्रॉम. म्हणजे ज्या चिपवर एकदा लिहिलं की ते सेल काढा, वडी काढा, वर्षभर खणात टाका, तरी तसंच राहतं. पुसायचं असेल तर मात्र चिपवर अतिनील किरण पाडायला लागतात. त्यासाठी सायनची वेगळी पेटी होती, फॉर्मॅटर नावाची. तिच्यात वडी घालून ठेवायची आणि दिवा आपलं काम करेपर्यंत दुसरं काहीतरी करायचं.

एक डेटापॅक मी उघडून बघितला आहे. आतल्या चिपला मधोमध पारदर्शक खिडकी असते आणि तिच्यातून सिलिकॉनचा चौकोनी तुकडा दिसतो. दिव्याखाली जरा तिरका धरला की त्यावर निळसर-जांभळी झाक येते. किरण आत जावेत म्हणून ती खिडकी. बाकी चिपा काळ्या प्लास्टिकमध्ये गाडलेल्या असतात, ही एकटी चेहरा दाखवते.

ईप्रॉमचा नियम असा की त्यातला प्रत्येक बिट, म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान कण, एकाचा शून्य करता येतो, शून्याचा पुन्हा एक करता येत नाही. तो फक्त दिव्याखाली होतो, आणि मग सगळ्या चिपेचाच होतो. आता समजा डायरीतल्या कुणाचा फोन नंबर बदलला. जुनी नोंद खोडायची कशी? सायनच्या लोकांनी प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एक बाइट ठेवला होता आणि त्यातला एक बिट राखून ठेवला होता. नोंद रद्द केली की त्या बिटाचा शून्य व्हायचा आणि पुढे यंत्र त्या नोंदीकडे ढुंकून बघायचं नाही. नवीन नंबर शेवटी, मोकळ्या जागेत लिहिला जायचा. म्हणजे तुम्ही नंबर दुरुस्त केलात की वडी तेवढी भरली. खोडलंत तरी जागा परत नाही. आठ किंवा सोळा केबीची वडी असेल तर लोक नोंद करायच्या आधी विचार करत असणार, शाईने लिहिताना करतात तसा.

यात दोन गोष्टी ओघाने आल्या. एक म्हणजे ईप्रॉमवर लिहायला सेलच्या 9 व्होल्टपेक्षा बराच जास्त दाब लागतो. तो यंत्र आतल्या आत तयार करायचं, त्यामुळे नुसतं वाचताना सेल महिनोन्‌महिने टिकायचा आणि साठवताना भराभर उतरायचा. पेन्सिल सेल न घालता तो चौकोनी 9 व्होल्टवाला का घातला, हे इथे उमगतं. दुसरी गोष्ट जरा गमतीची, किंवा धास्तीची म्हणा. खोडलेली नोंद वडीत शाबूत असते. वडी थेट वाचणारं साधन असेल तर मालकाने ज्यांचे नंबर मनापासून खोडले ते सगळे पुन्हा हजर होतात. कुणाची वापरलेली वडी हाती आली तर मी ती न वाचता आधी दिव्याखाली ठेवतो.

बहुतेकांना आठवणारी डिजिटल डायरी ही नव्हे. ती कॅसिओची किंवा शार्पची, पाकिटासारखी उघडणारी, एका बाजूला पडदा आणि दुसऱ्या बाजूला टोचणारी रबरी बटणं. त्यांचं उत्तर सरळ होतं: दोन वेगळ्या जागी बटन सेल. एक जोडी चालवायला आणि एक सेल फक्त रॅम जागी ठेवायला. मुख्य सेल काढलेत तर राखीव सांभाळेल, राखीव काढलात तर मुख्य सांभाळतील. दोन्ही एका वेळी काढायचे नाहीत, हे पाठीवर छापलेलंही असायचं. माझ्या मामाकडे अशी एक डायरी होती, कंपनीचं नाव राहू दे. घरातल्या कुणीतरी ती पुसून-बिसून स्वच्छ करायला घेतली आणि दोन्ही झाकणं एकदम उघडली. सेल चकचकीत होऊन परत बसले, पडदाही छान लागला, आणि डायरीने अगदी नम्रपणे आजची तारीख विचारली. तारीख विचारली म्हणजे काय झालं, हे मामाला लगेच कळलं. त्यानंतर त्याने कागदाची वही घेतली ती कायमचीच.

शार्पच्या आयक्यू-7000 मध्ये, ज्याला काही देशांत विझार्ड म्हणायचे, एक कल्पना मला अजून आवडते. शब्दकोश किंवा हिशोबाचं कार्ड आत सरकवलं की ते पारदर्शक पट्टीखाली बसायचं. कार्डावर बटणं छापलेली, आणि पट्टीवर त्या जागी बोट दाबायचं. कार्ड बदललं की कीबोर्डचा तेवढा भाग बदलला! टचस्क्रीन परवडत नव्हता तेव्हा छापील कागदाने टचस्क्रीनचं काम काढून घेतलं.

सिरीज 3 मध्ये सायनने दोन्ही उत्तरं एकत्र केली. दोन एए पेन्सिल सेल बिजागरीच्या नळीत, सीआर1620 हा राखीव बटन सेल वेगळा, आणि शिवाय दोन्ही अंगांना कार्डांचे दरवाजे. ही कार्डं म्हणजे सॉलिड स्टेट डिस्क. आज लॅपटॉपच्या जाहिरातीत हेच नाव वाचताना हसू येतं. त्यातली फ्लॅशवाली, म्हणजे वीज गेली तरी माहिती न विसरणाऱ्या चिपांची, कार्डं डेटापॅकच्याच वंशातली: फाइल खोडली तरी जागा परत मिळायची नाही, पूर्ण कार्ड फॉर्मॅट करायचं. फक्त दिवा लागायचा नाही, यंत्रच ते करायचं. रॅमवाली कार्डं मोकळेपणाने लिहू-पुसू द्यायची, पण त्यांच्या पोटात पुन्हा एक बारका लिथियम सेल. म्हणजे एका खिशातल्या यंत्रात तीन-चार ठिकाणी सेल, प्रत्येकाची मुदत वेगळी. शिस्तीचा माणूस असेल त्याने हे वापरावं.

एचपीचं 95एलएक्स त्याच 1991 सालचं. ते ऑर्गनायझर कमी आणि लहान केलेला पीसी जास्त. आत एमएस-डॉस, कायमच्या मेमरीत, म्हणजे रॉममध्ये, लोटस 1-2-3 हा हिशोबाच्या तक्त्यांचा प्रोग्रॅम, पडदा 240 गुणिले 128 ठिपक्यांचा, त्यामुळे डॉसचा 80 अक्षरांचा पडदा 40 अक्षरांच्या खिडकीतून सरकवत बघायचा. 1993 च्या 100एलएक्सने पडदा 640 गुणिले 200 केला आणि ती अडचण संपली, डोळ्यांची सुरू झाली. सेलचं गणित सायनसारखंच, दोन एए आणि एक सीआर2032. पण एचपीने एक शहाणपण केलं, नेहमीच्या पीसी कार्डचा खाचा ठेवला. पुढे कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड आलं, ते साध्या ॲडॉप्टरमधून 100एलएक्स आणि नंतरच्या 200एलएक्समध्ये चालतं. म्हणून ही यंत्रं आजही वापरणारे लोक आहेत. सायनची कार्डं मात्र सायनबरोबर गेली.

आता पायलट. 1996 च्या मार्चमध्ये पायलट 1000 आणि 5000 आले, 128 केबी आणि 512 केबी मेमरीचे. पायलट घडवणाऱ्या जेफ हॉकिन्सने आधी खिशात लाकडी ठोकळा बाळगून बघितला ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली आहे, ती सोडून देतो. मला रस आहे तो पाठीत. पायलट पालथा करा: एक झाकण, आत दोन एएए म्हणजे बारके सेल, बस. दुसरं झाकण आहे, पण ते यंत्राच्या स्वतःच्या मेमरीच्या पट्टीचं. राखीव सेल नाहीच.

मग सेल बदलताना काय? आत एक कपॅसिटर आहे. सेल काढल्यावर तो साधारण एक मिनिट रॅम जागी ठेवतो. तेवढ्यात नवे सेल बसले पाहिजेत. नवे सेल वेष्टनातून काढून मांडीवर तयार ठेवायचे, उलटसुलट बाजू आधीच बघून ठेवायची, अंगठ्याने झाकण सरकवायचं, जुने दोन टपकन तळहातावर पाडायचे, नवे आत दाबायचे. दहा सेकंदांचं काम, पण पहिल्यांदा करताना श्वास रोखला जातो. आता ही यंत्रं तिशीच्या घरात आहेत आणि कपॅसिटरही म्हातारे झालेत, तेव्हा ते एक मिनिट धरून चालू नका.

राखीव सेल न घालणं हा निष्काळजीपणा वाटतो, पण नाही. पायलटचा राखीव सेल टेबलावर होता. खोक्यात यंत्राबरोबर पाळणा यायचा, त्याची वायर कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टला. पायलट त्यात ठेवायचा, पाळण्यावरचं एकमेव बटण दाबायचं, दोन्हीकडची माहिती एकसारखी. यंत्रातली रॅम पुसली गेली तरी पुढच्या बटणाला सगळं परत. इतरांनी कॉम्प्युटरशी जोडायची वायर वेगळी विकायला ठेवली होती. पामने ती यंत्राचा अवयव मानली. आणि एकदा मूळ प्रत दुसरीकडे आहे असं ठरलं की पुष्कळ गोष्टी काढून टाकता येतात. कार्डाचा खाचा गेला. कीबोर्ड गेला, कारण भारंभार लिहायचं ते कॉम्प्युटरवरच. राखीव सेल गेला. उरलं ते शर्टाच्या खिशात मावणारं, 160 ग्रॅमच्या आसपासचं यंत्र. डेटापॅकवाल्या यंत्राने सगळं स्वतःच्या पोटात सांभाळायचं ठरवलं, पायलटने काहीच सांभाळायचं नाही असं ठरवलं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण बाजार पायलटने मारला.

ड्रॅगनबॉलबद्दल एक शब्द. त्यात मोटोरोलाच्या 68000 घराण्याचा गाभा होता, आणि पडद्याचा कंट्रोलर, सीरियल पोर्ट वगैरे त्याच चिपेत. वेगापेक्षा ते महत्त्वाचं, कारण बोर्डावरच्या चिपा कमी झाल्या. आणि तुम्ही पडदा बघत बसलेले असता तेव्हा प्रोसेसर बहुतेक वेळ डुलक्या काढत असतो. टोकणीचा, म्हणजे पडद्यावर टेकवायच्या काडीचा, स्पर्श झाला की उठतो, काम करतो, पुन्हा डोळे मिटतो. म्हणून बारक्या दोन सेलांवर काही आठवडे निघायचे.

पडद्यांचं फार सांगत नाही, सगळेच मळकट हिरवे. पायलटचा 160 गुणिले 160. पहिल्या पायलटला आतला दिवा नव्हता, 1997 च्या पामपायलटला आला. हा दिवा म्हणजे इलेक्ट्रोल्युमिनिसंट पत्रा. त्याला जास्त व्होल्टचा एसी लागतो, आणि शांत खोलीत यंत्र कानाला लावलं तर त्याची बारीक किणकिण ऐकू येते. अंधारात हिरवा उजेड आणि कानाशी डास! काहींना ते सहन होत नाही. मला आवडतं.

ॲपलच्या न्यूटन मेसेजपॅडवर 1993 पासून आजतागायत हाताने लिहिलेलं अक्षर ओळखण्यावरून विनोद होतात. हार्डवेअर म्हणून तो काळाच्या पुढे होता. पहिल्याच यंत्रात एआरएम 610 प्रोसेसर, 20 मेगाहर्ट्झचा. एआरएम ही वेगळी कंपनी 1990 मध्ये ॲपल, एकॉर्न आणि व्हीएलएसआय यांनी मिळून उभी केली, तिच्यामागे न्यूटनची गरज हे मोठं कारण होतं. 1997 च्या मेसेजपॅड 2000 मध्ये 162 मेगाहर्ट्झचा स्ट्राँगएआरएम आणि 4 एमबी फ्लॅश. म्हणजे सेल संपले तरी माहिती जागेवर. माझ्या प्रश्नाचं सगळ्यात चोख उत्तर त्यांनी दिलं, फक्त ते कुठल्याच खिशात मावत नव्हतं.

1996 च्या अखेरीस असल्या छोट्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टचं विंडोज सीई आलं आणि एक नवाच घोळ घेऊन आलं. वेगवेगळ्या कंपन्यांनी यंत्रं काढली, बाहेरून भावंडं, पण कुणाच्या पोटात हिताचीचा एसएच3, कुणाच्या एमआयपीएस. एकासाठी बांधलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालायचा नाही. प्रोग्रॅम घेताना आपल्या यंत्रात कुठला प्रोसेसर आहे हे माहीत असायला लागायचं. डायरी वापरणाऱ्या माणसाला हे कशाला माहीत असावं? पामवाले त्या मानाने सुखी. त्यांनी 2002 पर्यंत 68000 घराणं सोडलं नाही, आणि एआरएमवर गेले तेव्हाही जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून जुन्या प्रोसेसरची नक्कल आत ठेवली.

1999 च्या पाम फाइव्हने पाठीवरचं झाकणच काढून टाकलं. ॲल्युमिनियमचं अंग, आत चार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी, आणि दोन्ही अर्धी गोंदाने चिकटवलेली. उघडायचं तर केस वाळवायच्या यंत्राने कडा गरम करून हळूहळू सोडवायला लागतात. दिसायला आजही देखणं आहे, आणि बॅटरी बदलताना शिव्या देण्याची आजची पद्धत तिथूनच पडली असावी असं मला वाटतं. पण माहिती अजून रॅममध्येच होती. चार्ज करायला विसरलात आणि बॅटरी पूर्ण उतरली की संपलं. हा प्रश्न पामने सोडवला तो 2004 मध्ये, टंगस्टन टी5 आणि ट्रिओ 650 या फोनमध्ये माहिती फ्लॅशवर ठेवून. तिथेही एक फट राहिली. फ्लॅशवर जागा ठरावीक तुकड्यांतच मिळायची, आणि पामच्या नोंदी तर इवल्याशा. त्यामुळे जुन्या यंत्रात सहज मावणारी माहिती ट्रिओ 650 मध्ये जास्त जागा खायला लागली. लोकांनी तक्रारी केल्या, कंपनीला दुरुस्ती काढायला लागली.

एका मित्राने मध्ये विचारलं, यातलं आज खरंच वापरायला काय घेऊ? टाइप करायचं असेल तर सायनची सिरीज 3ए, 1993 ची. पडदा 480 गुणिले 160 चा आहे आणि कीबोर्ड हाताला बसतो. घेताना बिजागरीजवळचं प्लास्टिक बघ, तिथे चिरा पडतात. नुसते नंबर आणि तारखा असतील तर पाम थ्री किंवा थ्रीएक्स, कारण एएए सेल अजून मिळतात. सायनच्या सिरीज 5 चा मोह सगळ्यांना होतो, मलाही आहे. मार्टिन रिडिफोर्डची ती बिजागरी, उघडताना कीबोर्ड पुढे सरकून येतो आणि पडदा त्यावर तोलला जातो, तसं फार क्वचित बघायला मिळतं. पण पडद्याकडे जाणारी चपटी केबल त्याच हालचालीत दर वेळी वाकते आणि शेवटी तुटते. घ्यायच्या आधी सुरू करून चार-पाच वेळा उघडझाप कर. पडद्यावर रेघा आल्या तर परत ठेवून दे.